पायाला बांधलेली चिठ्ठी

पुण्यात डायनासोर सापडणार नाही, हे भाच्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर निघालो तेव्हा त्यानं गुपचूप दप्तरात हातोडी टाकली होती. खाणीपाशी पोचल्यावर ती बाहेर निघाली. ठोके घालून झाले, काळ्या दगडाचा एक टवका उडाला, आणि मग प्रश्न आला, "आत्या, किती खाली खणलं की टी-रेक्स लागेल?"

टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, हे आधी सांगून टाकलं. त्यानं त्याचं काही बिघडलं नाही. "मग दुसरा कुठला तरी," म्हणाला. दुसऱ्याचीही पंचाईतच आहे. ही टेकडी, तिच्या पायथ्याचं शहर, सिंहगड, पुरंदर, सगळं एकाच काळ्या दगडाचं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, निवला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा निवला. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्रं पाडली तेव्हा काही ठिकाणी हा बेसॉल्ट संपायला किलोमीटरभर खाली जावं लागलं. गंमत अशी की काळ अगदी बरोबर आहे. डायनासोरांची अखेर आणि हा लाव्हा एकाच सुमारचे. मुलूखही बरोबर. दगड तेवढा चुकीचा, लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत.

दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधीकधी मोठी उसंत मिळायची. तळी साचायची, त्यांत जीव वाढायचे, आणि तळाचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली दबून दगड व्हायचा. मुंबईत वरळीच्या बाजूला अशा गाळाच्या थरात इवलेसे बेडूक मिळाले आहेत, हाडन्‌हाड जागेवर असलेले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेननं त्यांना 'राना पुसिला' असं नाव दिलं. 'डायनासोर' हे नाव ज्यानं १८४२ मध्ये घडवलं, तोच हा ओवेन. 'राना' ही तेव्हा बेडकांची सरसकट प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट होती, दिसला बेडूक की टाक त्यात. १९३० मध्ये मुंबईच्या बेडकाला तिथून उचलून 'इंडोबॅट्रॅकस' या स्वतंत्र प्रजातीत बसवण्यात आलं.

"म्हणजे मुंबईला बेडूक आणि आपल्याला काहीच नाही?"

पुणेकर म्हणून त्याचं दुःख मला कळलं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे आणि तिथे डायनासोरांची शी सापडते, दगड झालेली, असं सांगितल्यावर जरा चेहरा खुलला. त्या शीचं पुढे काय झालं हे मात्र त्यानं अर्धवटच ऐकलं, म्हणून इथे लिहिते. २००५ मध्ये त्या गोळ्यांमध्ये गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर गवत हे डायनासोर संपल्यानंतर फोफावलेलं प्रकरण असं धरलं जाई. चित्रांतल्या डायनासोरांच्या पायाखाली गवत काढणाऱ्या चित्रकाराला शास्त्रज्ञ हसायचे. शेणानं त्या चित्रकाराची बाजू घेतली.

मला स्वतःला हाडांपेक्षा हाडांबरोबरच्या चिठ्ठ्यांचं वेड जास्त. संग्रहालयात भुसा भरून ठेवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कधी, कुणी आणला, नर की मादी. हाडांच्या खोक्यात हीच चिठ्ठी सुटी पडलेली असते. अक्षर बहुतेक वेळा गिचमिड, शाई तपकिरी झालेली. पण या चिटोऱ्याशिवाय तो पक्षी म्हणजे नुसती पिसं आणि ते हाड म्हणजे नुसता दगड. ज्या एका नमुन्यावरून नव्या जातीचं नाव ठरतं त्याला प्ररूप नमुना म्हणतात आणि त्याला तर जिवापाड जपतात, कारण पुढे वाद झाला की सगळ्यांना त्याच्याचकडे यावं लागतं. नामशेष प्राण्यांची गोष्ट वाचताना आपण शिकारी, दुष्काळ, उल्का यांच्याकडे बघतो. माझं लक्ष त्या चिठ्ठीकडे जातं. तिच्यावर जे लिहिलं जातं, त्यावर पुढची शंभर वर्षं त्या प्राण्याला कोण शोधणार, कुठे शोधणार आणि मुळात शोधणार का, हे ठरतं.

आता आपल्या देशातल्या पहिल्या डायनासोरचंच बघा. १८२८ मध्ये जबलपूरला कॅप्टन स्लीमनला काही हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. रिचर्ड लायडेकरनं १८७७ मध्ये जबलपूरच्या हाडांवरून, त्यातही मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवरून, 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जात जाहीर केली. मणक्याची खूण अशी की पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची गोल. त्या वेळी ही खूण एकमेवाद्वितीय होती. पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, युरोप जिकडे तिकडे तशाच शेपट्या निघू लागल्या आणि टायटॅनोसॉर हा जगभरचा भलामोठा गोतावळा ठरला. म्हणजे ज्या खुणेवर नाव उभं होतं ती साऱ्या गोतावळ्यातच निघाली. अखेर २००३ मध्ये दोन अभ्यासकांनी स्पष्ट म्हटलं की 'टायटॅनोसॉरस' हे नाव आता कुठल्याच एका प्राण्याला नेमकं लावता येत नाही. गोतावळ्याला नाव ज्याच्यावरून पडलं, तो मूळ पुरुषच रद्द. त्यात मूळ मणकाही हरवलेला. तो २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. नामशेष प्राणी दुसऱ्यांदा नामशेष व्हायची सोय आपल्याकडे कपाटातच असते.

याहून मला आवडणारी गोष्ट गुजरातेतल्या धोली डुंगरीची. धनंजय मोहबे या भूवैज्ञानिकांना १९८०च्या दशकात तिथे डायनासोरची अंडी आणि त्यांच्याजवळ बारीक हाडं असलेला एक दगड मिळाला. १९८७ मध्ये ते अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू म्हणून प्रसिद्ध झालं. अंड्याशेजारी इवली हाडं, दुसरं काय असणार? २००१ मध्ये मिशिगनचे जेफ विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यांना काही मणके खटकले. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारी जादा खुंटी-खोबण असते. लवचिक असूनही साप पिळवटून तुटत नाही तो तिच्यामुळे. डायनासोरच्या पिल्लाला ती कुठून येणार? मग सगळा दगड नव्यानं साफ झाला. निघालं ते असं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी पिल्लू आणि आणखी दोन न फुटलेली अंडी. बहुधा एकाएकी चिखलाचा लोंढा आला आणि शिकारी, शिकार सगळे त्यातच गाडले गेले. २०१० मध्ये या सापाला 'सनाजे इंडिकस' हे नाव मिळालं. दगड तोच, हाडं तीच, आणि मधली वीस-पंचवीस वर्षं कपाटात एक साप पिल्लाच्या नावावर राहत होता.

साडेसहा कोटी वर्षं म्हटलं की आकडाच राहतो, मनात काही उमटत नाही. त्या मानानं पंचवीस हजार वर्षं म्हणजे काल-परवा. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं, त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले. एका तुकड्यावर माणसानं कोरलेल्या आडव्या-तिरक्या रेघांची जाळी आहे. जेमतेम दोन मिलीमीटर जाडीचं कवच, आणि कुणीतरी खानदेशात बसून गारगोटीच्या टोकानं त्यावर नक्षी काढली. शहामृग म्हटलं की आपल्याला आफ्रिका आठवते, तेव्हा हे मणी कुणी व्यापारात आणले असतील का, अशी शंका येणारच. पण कवचं एका जागची नाहीत, राजस्थान-मध्य प्रदेशापासून कितीतरी ठिकाणची आहेत. २०१७ मध्ये त्यांतल्या काहींतून प्राचीन डीएनए काढून पाहिला तर तो आजच्या आफ्रिकन शहामृगाशी जुळला. म्हणजे हा पक्षी इथे पाहुणा नव्हता. पाणघोड्याचंही तेच. नर्मदा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत त्याचे जीवाश्म सापडतात. आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढे चार दात, आपल्याकडच्याला सहा, म्हणून फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्ये त्याला 'हेक्झाप्रोटोडॉन' म्हटलं. गोदाकाठी पाणघोडे डुंबत होते आणि माणूस ते बघत होता, हे मला नाशिकला गेले की हटकून आठवतं. सोबतच्यांना सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

चित्त्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी एवढंच सांगेन. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार करायची मोठी हौस होती आणि विसाव्या शतकात हे चित्ते आफ्रिकेहून मागवावे लागत, कारण देशातले संपत आले होते. तेव्हा जुन्या फोटोत बैलगाडीवर डोळ्यांना झापड बांधून बसलेला 'आपला' चित्ता बऱ्याचदा केनियाकडचा असतो. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, १९५२ मध्ये प्राणी नामशेष जाहीर झाला. पुढे आफ्रिकेतून चित्ते आणून कुनोत सोडायची योजना निघाली, तर प्रश्न आला की आफ्रिकन उपजात आणि इराणात तग धरून राहिलेली आशियाई उपजात एकच मानायची का. वर्गीकरणाचा हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. २०१३ मध्ये न्यायालयानं परका प्राणी म्हणून योजना अडवली, २०२० मध्ये प्रयोग म्हणून परवानगी दिली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आले. उपजातीचं तिसरं लॅटिन नाव एरवी कुणी वाचतही नाही.

पण चिठ्ठीची खरी गोष्ट रानपिंगळ्याची, जंगलातल्या एका छोट्या घुबडाची.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसचे संस्थापक म्हणून शाळेत पाठ केलं. (पहिलं अधिवेशन १८८५ मध्ये पुण्यात भरायचं होतं, पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गेलं. पुणेकरांनी हे अजून विसरलेलं नाही.) या गृहस्थांचा खरा जीव पक्ष्यांत होता. हजारो पक्ष्यांचा संग्रह त्यांनी केला आणि त्याच १८८५ साली तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ब्लेविट नावाच्या त्यांच्या स्नेह्यानं १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागातून एक छोटं घुबड पाठवलं. गावातल्या पिंगळ्यासारखंच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट, पोट पांढरं. ह्यूमनं १८७३ मध्ये त्याला नुसती नवी जात नव्हे, नवी प्रजातीच बहाल केली. 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय'. १८८४ पर्यंत असे एकूण सात नमुने जमले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं खानदेशात मिळवलेले. नंतर मात्र पक्षी दिसेना. एकच अपवाद: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाच्या संग्रहातला आठवा नमुना. चिठ्ठीवर गुजरात, साल १९१४.

हा पक्षी शोधायला मोठमोठी माणसं रानोमाळ फिरली. काही हाती लागलं नाही. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांना माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाचीच शंका आली. कर्नलसाहेब म्युझियममधले नमुने पळवून, नव्या चिठ्ठ्या लावून, स्वतःच्या नावावर खपवत, अशी कुजबुज होतीच. रानपिंगळ्याच्या आठव्या नमुन्याचे एक्स-रे काढले. आतलं भरण, शिवण, पंख कसे बसवलेत ते पाहिलं. पक्षी भरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, तसा याही पक्ष्यावर वरच्या सारवासारवीखाली एक जुना हात दिसला. तो डेव्हिडसनचा. म्हणजे १९१४ खोटं, गुजरात खोटं. खानदेशातला पक्षी लंडनच्या कपाटातून चोरून त्याला गुजरातचा रहिवासी केलेला. सदाशिव पेठेतल्या माणसाचं पत्र नाना पेठेत घेऊन दारोदार हिंडावं, तसे लोक हिंडत होते.

ही खोटी नोंद बाजूला सारल्यावर उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. तिथे काही नाही. मग नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उजेडात, तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. भर उजेडात हे महत्त्वाचं, कारण रानपिंगळा दिवसा वावरणारा पक्षी आहे. बरेच जण त्याला रात्री शोधत असणार.

त्यानंतर तो तोरणमाळ, मेळघाट, यावल आणि पार मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही सापडला. तिथल्या आदिवासींच्या घरावरून तो रोज उडत असेल. त्यांच्या लेखी तो कधीच नामशेष नव्हता. आणि ह्यूमची स्वतंत्र प्रजाती? ती पुढे वादात सापडली. २०१८ मध्ये डीएनए तपासून भारतीय संशोधकांनी दाखवलं की हा पक्षी गावातल्या साध्या पिंगळ्याच्या 'अथीनी' प्रजातीतच मोडतो. ह्यूमनं वेगळा मानलेला हा पक्षी आपल्या वडाच्या ढोलीतल्या पिंगळ्याचा चुलतभाऊ निघाला. मला याचा उगाच आनंद झाला.

पुण्याच्या नदीचंही एक प्रकरण आहे आणि ते मला जास्त बोचतं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची आकडेवारी गोळा करत इथे फिरत होता. लोकसंख्या, पिकं, पाऊस मोजता मोजता त्यानं प्राणीही मोजले. भारतीय लांडग्याला 'पॅलिपीस' हे नाव १८३१ मध्ये त्यानंच दिलं, कोळसुंद्याला 'दुखुनेन्सिस' म्हणजे दख्खनचा. मासे त्यानं कोळ्यांकडून घेतले आणि नावंही त्यांचीच ठेवली. खुद्री, नुक्ता, शिंगाळा, घोगरा अशी मराठी कोळीवाड्यातली नावं आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या यादीत लॅटिनच्या वेषात बसली आहेत. नुक्ता हा तर विक्षिप्तच मासा. त्याचं नाक दुभंगून वरचा भाग शिंगासारखा पुढे येतो. कृष्णेच्या खोऱ्याबाहेर तो नाही. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, 'टॉर खुद्री'. त्याच्या नावापुढे मूळ ठिकाण म्हणून पुण्याच्या पूर्वेकडची मुळा-मुठा लिहिलेली आहे. बंडगार्डनच्या पुलावरून खाली बघताना हे आठवलं तर नाक दाबलेला हात क्षणभर खाली येतो.

खुद्री नामशेष झाला नाही. लोणावळ्याच्या वळवण धरणाकाठी १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते आणि लाखो पिल्लं देशभरच्या नद्यांत सोडली गेली. महसीर धोक्यात आहे तर महसीर वाढवा, यात चूक कुणाला दिसणार? ती पिल्लं कावेरीतही गेली. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोंच्या पुढे जाणारा. ब्रिटिश काळापासून गळ टाकणारे त्याच्यासाठी जीव टाकत. पाहुणा आला आणि कुबडवाला हटत गेला. आणि या सगळ्या काळात कुबडवाल्याला धड शास्त्रीय नावच नव्हतं! २०१८ मध्ये कुठे तो 'टॉर रेमादेवी' आहे हे पक्कं झालं, आणि तेव्हा तो अतिसंकटग्रस्त होता. नाव नसलेल्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही. आपल्या पुण्याचा मासा तिकडे जाऊन दांडगाई करतो, याची मला थोडी लाजही वाटते. मासा बिचारा काय करेल? सोडलं तिथे पोहला.

जमिनीखालचा प्राणी शेवटी ठेवला, कारण त्याला बघायला लांब जावं लागत नाही. खंडाळ्याला आमच्या ओळखीच्यांचं घर आहे. पावसाळ्यात कुंड्या हलवल्या, पाचोळ्याचा ढीग उपसला की खालच्या ओल्या मातीतून कधीतरी वीत-दीड वीत लांबीचं काहीतरी वळवळत निघतं. जांभळट तपकिरी, अंगभर वळी, ओलसर चकाकी. बघणारा एक तर 'गांडूळ' म्हणतो नाही तर 'साप' म्हणून फावडं उचलतो. दोन्ही नाही. हे देवगांडूळ. बेडकांच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. जवळून पाहिलं तर जबडा आहे, त्यात बारीक दात आहेत, आत पाठीचा कणा आहे. डोळे म्हणजे नुसते ठिपके, असून नसल्यासारखे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, त्यातून एक इवली मिशी आत-बाहेर होते. मातीतला वास-स्पर्श तो तिनं टिपतो. असं इंद्रिय दुसऱ्या कुठल्याच प्राणिगटात नाही.

लिनियसनं १७५८ मध्ये देवगांडुळांना सापांत घातलं होतं. पुढे त्यांच्या जागेवरून बरीच ओढाताण झाली. १८३१ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाला संग्रहालयातल्या एका पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रं दिसली आणि प्रश्न मिटला. सापाच्या पिल्लाला कल्ले नसतात.

खंडाळ्याचा हा प्राणी १९६० मध्ये एडवर्ड टेलरनं 'इंडोटिफ्लस बॅटर्सबाय' म्हणून नोंदवला. प्रजातीही नवी. पुढे त्याच्या नावावरून 'इंडोटिफ्लिडी' हे अख्खं कुल उभं राहिलं. त्या कुलातले बाकीचे नातलग कुठे आहेत? काही सह्याद्रीत, काही आफ्रिकेत, आणि बरेचसे सेशेल्समध्ये, हिंदी महासागरातल्या टिकल्यांएवढ्या बेटांवर. मातीत राहणारा, खाऱ्या पाण्यात न टिकणारा प्राणी तिथे पोहत गेला नाही. सेशेल्सची जमीन एकेकाळी भारताला चिकटलेली होती आणि ती सुटली त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. केरळातल्या जांभळ्या बेडकाची गोष्टही अशीच. २००३ मध्ये त्याची नोंद झाली आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्सचे निघाले. खंडाळ्याच्या कुंडीखालच्या जिवाचं आडनाव जगभर लागतं, आणि खंडाळ्यात त्याला फावड्यानं मारतात. टेलरनंतर ४४ वर्षं या प्रजातीत ही एकच जात होती. २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबरळीहून दुसरी मिळाली, 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस'. ही जात त्याआधीही तिथल्या कुणाच्या तरी फावड्याला लागलीच असणार.

त्या घराची राखण करणाऱ्या मामांना मी हे सगळं सांगून ठेवलं आहे. मारू नका, फोटो काढा, मला पाठवा. ते मनावर घेतात. जुलैत त्यांचा फोन आला.

"ताई, फोटो बघितला का? तुमचा देव आहे का वाळा आहे?"

फोटोत मधलाच भाग होता. डोकं पाचोळ्यात, दुसरं टोक कुंडीखाली. वाळा म्हणजे तो बारका आंधळा साप, त्याच्या अंगावर कोरडे चकचकीत खवले असतात आणि शेपटीला काट्यासारखं टोक. आपल्या देवगांडुळाला शेपूटच नाही, बोथट शेवट. मी म्हटलं, "मामा, मागचं टोक दिसायला पाहिजे."

"वाळा विषारी असतोय?"

"नाही हो, बिनविषारी."

"आणि हे देवगांडूळ?"

"तेही काही करत नाही."

"म्हणजे दोन्ही मारायचं नाही."

"नाही."

"मग कुठलं आहे ते बघायचं कशाला?"

मी त्यांना लिनियसपासून सुरुवात करून दिली. ते मध्येच म्हणाले, "थांबा ताई, जातंय ते," आणि फोन तसाच चालू ठेवून कुंडी सरकवायला गेले.